विहिरीतलं स्केल आणि जीवाणू: आधी खडा तपासा, मग मळी मागवा

प्रश्न असा आला आहे. गुजरातमधल्या एका तेलक्षेत्रावर वालुकाश्मातून तेल काढणाऱ्या तीन विहिरी सकर रॉड पंपावर (वरून लोखंडी दांड्यांनी हलवल्या जाणाऱ्या पंपावर) चालतात. तळाचं तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. पाण्याचं प्रमाण वाढल्यापासून दर आठ-दहा महिन्यांनी पंप आणि ट्यूबिंग (तेल वर आणणारी नळी) स्केलने, म्हणजे पाण्यातल्या क्षारांच्या कठीण थराने, जाम होतात. मग अ‍ॅसिड मारावं लागतं, नाहीतर सगळी ट्यूबिंग बाहेर काढावी लागते. आता एका पुरवठादाराने जीवाणूंचं मिश्रण आणि सोबत त्यांचं अन्न म्हणून मळी (मोलॅसिस) असा प्रस्ताव दिला आहे. जीवाणू स्केल खातात, अ‍ॅसिडची गरजच उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. हे घ्यावं का?

उत्तर आधीच देतो. बसलेलं स्केल काढण्यासाठी घेऊ नका. स्वच्छ केलेल्या विहिरीत ते पुन्हा बसण्याचा वेग कमी व्हावा म्हणून तीनपैकी एका विहिरीवर नीट मोजमाप ठेवून चाचणी करायला हरकत नाही. पण त्याआधी स्केलच्या खड्याची तपासणी, विहिरीच्या तोंडाशीच केलेलं पाण्याचं विश्लेषण आणि त्या विहिरीत आज कोणते जीवाणू राहतात याची माहिती हातात हवी. तिसरी गोष्ट प्रस्तावांत बहुतेक वेळा नसतेच, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. विहीर निर्जंतुक नसते. आपण कोणते जीवाणू सोडतो यापेक्षा तिथे कोणाला खायला घालतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिल्यांदा त्या ‘खातात’चा निकाल लावू. कॅल्शियम कार्बोनेट हे या जीवाणूंचं अन्न नाही. त्यातून त्यांना ऊर्जा मिळत नाही. ते साखर खातात, सेंद्रिय आम्लं खातात, तेलातले काही घटक खातात. खाऊन झाल्यावर जे बाहेर टाकतात, त्याने भोवतालच्या पाण्याचं रसायन बदलतं. कधी ते आम्लाकडे झुकतं, कधी अल्कलीकडे. स्केल सुटणार की आणखी बसणार, ते या झुकण्यावर अवलंबून असतं.

गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच पदार्थ तुमच्या ट्यूबिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे. जमिनीखाली पाणी दाबाखाली असतं, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि त्याच्या आधारावर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट शांतपणे एकत्र नांदतात. पाणी पंपाच्या तोंडाशी आलं की दाब पडतो, वायू सुटतो, पीएच वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन बाहेर पडतं. म्हणून पंपाचा व्हॉल्व्ह आणि त्याच्या वरची ट्यूबिंग आधी पकडली जाते. दाब कुठे पडतोय हे ज्याला कळलं त्याला निम्मं उत्तर मिळालं. पंपावरची द्रवपातळी मोजा. पंप जवळजवळ कोरडा पडेपर्यंत खेचत असाल तर वायू तिथेच सुटतो. पातळी थोडी वर ठेवली, तर थोडं उत्पादन सोडून स्केलचा वेग कमी होतो. यासाठी जीवाणूही लागत नाहीत आणि रसायनही.

आता खडा. पुढच्या वेळी ट्यूबिंग बाहेर निघाली की जाम झालेला एक तुकडा आडवा कापून घ्या आणि उजेडात बघा. नुसत्या कार्बोनेटचा थर राखाडी-पांढरा, बारीक स्फटिकांचा दिसतो, हातोडीच्या टोकाने टवके निघतात. पण तेलविहिरीत तो क्वचितच इतका शुद्ध असतो. पांढऱ्या कड्यांच्या मधे तपकिरी कडी दिसतात. तिथे बोट घासलं तर चिकट लागतं, ते मेण आणि डांबरट भाग. पोलादाला लागून असलेल्या बाजूला काळं कडं असेल, बोटाला काजळीसारखं लागत असेल, तर ते लोहाचं सल्फाइड धरून चाला. ही कडी म्हणजे त्या विहिरीचा इतिहास आहे, आणि जीवाणूंचा प्रस्ताव कामाचा की बिनकामाचा हे पुष्कळदा तिथेच कळतं.

तुकडा वजन करून झायलीन किंवा टोल्युइनमध्ये धुवा, वाळवा, पुन्हा वजन करा. घटलेलं वजन म्हणजे तेल-मेण. मग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. फसफसलं तर कार्बोनेट. सडक्या अंड्याचा वास आला तर लोहाचं सल्फाइड, आणि तो वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. म्हणून ही चाचणी टेबलावर, बंद खोलीत करायची नाही. धूर ओढणाऱ्या कपाटातच करायची. हवेत हा वायू दशलक्षात १०० भागांवर गेला की जिवाला तात्काळ धोका मानतात, आणि त्याच सुमाराला नाक बधिर होऊन वास येणं थांबतं. आम्लात काहीच न होता पांढरा गाळ तसाच राहिला तर तो बेरियम, स्ट्रॉन्शियम किंवा कॅल्शियमचा सल्फेट, नाहीतर वाळू. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन (स्फटिक ओळखण्याची प्रयोगशाळेतली चाचणी) करून घ्या. धुण्यात किती गेलं, आम्लात किती गेलं, मागे किती उरलं, हे तीन आकडे हातात नसताना कोणी जीवाणू विकत असेल तर तो अंधारात औषध देतोय.

यातला पहिला आकडा मोठा असेल, म्हणजे थराचा बराच भाग मेण-डांबराचा असेल, तर मात्र माझा कल बदलतो. कारण इथे जीवाणूंचं काम सिद्ध झालेलं आहे. मेणाचे रेणू तोडणारे आणि साबणासारखे जैविक पदार्थ सोडणारे जीवाणू अमेरिकेतल्या कमी उत्पादनाच्या विहिरींत १९८० च्या दशकापासून वापरात आहेत. भारतात ओएनजीसी आणि टेरी ही दिल्लीची संशोधन संस्था यांनी २००७ मध्ये एक संयुक्त कंपनी काढली, आणि विहिरीतलं मेण जीवाणूंनी काढणं हा तिच्या मुख्य कामांपैकी एक आहे. चिकट कडी सैल झाली की मधलं कार्बोनेटही तुकड्यांनी सुटतं आणि पाण्याबरोबर वर येतं. ‘जीवाणूंनी स्केल काढलं’ असे जे अनुभव लोक प्रामाणिकपणे सांगतात, त्यातले बरेचसे मला या जातीचे वाटतात. स्केल विरघळलेलं नसतं, त्याला धरून ठेवणारं चिकट मेण गेलेलं असतं.

शुद्ध कार्बोनेटचं काय? इथे हिशेब करू, कारण नुसत्या मतापेक्षा तो जास्त बोलतो. तुमची ट्यूबिंग दोन आणि सात-अष्टमांश इंची, म्हणजे आतला व्यास साधारण ६२ मिलिमीटर, असं धरतो. ३०० मीटर लांबीत ५ मिलिमीटर जाडीचा थर बसला असेल तर त्याचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास भरतं. तो विरघळवायला १५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण ३,३०० लिटर लागेल. एका टँकरचं काम, काही तासांत उरकणारं.

हेच काम जीवाणूंनी करायचं तर त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल. तेवढ्याच थरासाठी ते किमान ८७० किलो लागेल. साखर आंबवून तळाशी एक टक्क्याचं आम्ल तयार झालं, आणि ७० अंशांना खाऱ्या पाण्यात तेवढं झालं तरी खूप, तर ८७,००० लिटर द्राव त्या थराला लागून जायला हवा. ३०० मीटर ट्यूबिंगमध्ये मावतं जेमतेम ९०० लिटर, आणि आतले रॉड धरले तर त्याहूनही कमी. म्हणजे ती जवळजवळ ९५ वेळा भरायची, प्रत्येक वेळी जीवाणूंना आंबवायला दिवस द्यायचे, आणि तेवढे दिवस विहीर बंद ठेवायची. त्यात अ‍ॅसेटिक हे सौम्य आम्ल. कार्बन डायऑक्साइडचा दाब असताना ते पूर्ण खर्चही होत नाही, अर्धवट थांबतं. मळीत निम्मी साखर धरली तर कागदावर पावणेदोन टन मळी, प्रत्यक्षात दुप्पट तरी. बसलेल्या जाड थरासाठी हा मार्ग नाही, हे मी एवढ्या ठामपणे का म्हणतो ते यावरून लक्षात येईल.

पण तोच थर बसताना रोज किती बसतो ते पाहा. विहीर दिवसाला ५०,००० लिटर पाणी देत असेल आणि प्रत्येक लिटरमागे ५० मिलिग्रॅम कार्बोनेट मागे राहत असेल, तर दिवसाला अडीच किलो. दहा महिन्यांत तुमचे सव्वासातशे किलो झाले. हे अडीच किलो पाण्यातच राहावेत म्हणून लागणारं आम्ल दिवसाला दीड ते तीन किलो, म्हणजे लिटरमागे ३० ते ६० मिलिग्रॅम. एवढं आम्ल विहिरीच्या पायथ्याशी राहणारी वस्ती तयार करू शकते. त्यासाठी रोज सहा ते बारा किलो मळी पुरेल. बसलेलं काढणं आणि बसू न देणं यांत हा एवढा फरक आहे. जीवाणूंची जागा कुठे असेल तर ती दुसऱ्या कामात.

शेजारी एक आकडा ठेवा म्हणजे तुलना प्रामाणिक होईल. फॉस्फोनेट जातीचं साधं स्केल-रोधक लिटरमागे साधारण ५ ते २० मिलिग्रॅम पुरतं, कारण ते कॅल्शियमशी एकास एक झुंजत नाही. उगवत्या स्फटिकाच्या वाढीच्या जागाच ते अडवतं. तुमच्या विहिरी पंपाच्या आहेत. केसिंग आणि ट्यूबिंगच्या मधल्या मोकळ्या जागेतून, ज्याला आपण अ‍ॅन्युलस म्हणतो, छोट्या डोसिंग पंपाने हे रसायन थेंबथेंब सोडलं की ते थेट पंपाच्या तोंडाशी पोचतं. दिवसाला अर्धा-एक किलो. जीवाणूंनी कशाला हरवायचं आहे, तर या साध्या, स्वस्त, जुन्या पद्धतीला. तुमच्याकडे ती नीट चालू केली होती का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. केली नसेल तर आधी ती करा.

आता खडक. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो पहिल्या नजरेला दिसत नाही. जीवाणूंनी आम्ल तयार केलं ते ट्यूबिंगमध्ये नाही, परफोरेशनपाशी, म्हणजे तेल आत यावं म्हणून केसिंगला पाडलेल्या भोकांपाशी, आणि त्यामागच्या खडकात. खडक वालुकाश्म असेल आणि त्यात चुना कमी असेल तर ते आम्ल पाण्याबरोबर वर येईल आणि आपलं काम करेल. खडक चुनखडीचा असेल तर आम्ल आधी खडकच विरघळवेल. पाण्यात कॅल्शियम वाढेल, बायकार्बोनेट वाढेल, आंबवण्यातून आलेला कार्बन डायऑक्साइडही त्यात जाईल. हे भरलेलं पाणी पंपाशी येऊन दाब पडला की आधी बसत होतं त्याहून जास्त स्केल बसेल. विहिरीच्या मुळाशी वाट मोकळी झाली म्हणून उत्पादन पहिले काही आठवडे वाढतं, सगळे खूश होतात, आणि मग ट्यूबिंग भरते. मुंबई हायचा मुख्य थर चुनखडीचा आहे. तिथे चालेल ते तुमच्याकडे चालेलच असं नाही आणि उलटही नाही. तुमचा खडक वालुकाश्म असला तरी कण जोडणारा पदार्थ कॅल्साइटचा आहे का, हे जुन्या कोअरच्या (खोदताना काढलेल्या खडकाच्या नमुन्याच्या) अहवालात सापडेल. ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मळीबद्दलही थोडं सांगायलाच हवं. ती स्वस्त आहे, महाराष्ट्रात आणि गुजरातेत साखर कारखान्यांतून मुबलक मिळते, आणि म्हणून प्रत्येक प्रस्तावात असते. पण आपल्याकडे पांढरी साखर करताना उसाच्या रसात चुना घालतात आणि गंधकाच्या धुराची प्रक्रिया करतात. त्यामुळे मळीबरोबर कॅल्शियम येतं आणि गंधकाची संयुगंही येतात. ज्या विहिरीत कॅल्शियमचा त्रास आहे तिथे आपण कॅल्शियमच ओततो, हे एक. गंधकाची संयुगं हा त्याहून गंभीर मामला, कारण ती खायला टपलेले जीवाणू तिथे आधीपासून बसलेले असतात. पुरवठादाराकडून मळीच्या प्रत्येक खेपेचं कॅल्शियम आणि सल्फेट मागा. देत नसेल तर साधी साखर वापरून प्रयोगशाळेत तुलना करा.

टपलेले म्हणजे कोण? १९२६ मध्ये शिकागो विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ एडसन बॅस्टिन यांनी तेलक्षेत्रांच्या पाण्यात सल्फेट तोडणारे जीवाणू असल्याचं दाखवलं. शंभर वर्षं होत आली, आणि तेलउद्योगाची डोकेदुखी म्हणून हे जीवाणू अजून पहिल्या क्रमांकावर आहेत. ते सेंद्रिय पदार्थ खातात आणि आपण जसा ऑक्सिजन वापरतो तसा सल्फेट वापरतात. बाहेर पडतो हायड्रोजन सल्फाइड. तो पाण्यातल्या लोहाला भेटला की काळं लोह सल्फाइड तयार होतं. तेही स्केलच, आणि पोलाद खाणारं. अ‍ॅसेटिक आम्ल हे यातल्या काहींचं अन्न आहे. म्हणजे आपण आंबवणारे जीवाणू सोडले, त्यांनी कार्बोनेट रोखायला आम्ल केलं, आणि ते आम्ल सल्फेट तोडणाऱ्यांनी खाल्लं, तर आपल्या पैशाने पांढऱ्या स्केलच्या जागी काळं स्केल आणलं असं होईल. शिवाय सल्फेट तोडताना पाण्यात बायकार्बोनेट वाढतं, म्हणजे पांढरं स्केलही वाढायला मदतच.

म्हणून आधी मोजणी. तेलक्षेत्रावर याला ‘बग बॉटल’ म्हणतात. लोखंडाचा तुकडा किंवा लोहक्षार असलेल्या खाद्याच्या छोट्या सीलबंद बाटल्या. विहिरीच्या तोंडाचं पाणी सुईने पहिल्या बाटलीत, त्यातलं एक मिलिलिटर दुसरीत, असं दहापटीने पातळ करत जायचं आणि बाटल्या विहिरीच्या तापमानाला ठेवायच्या. ७० अंशांची विहीर आणि ३५ अंशांचा इन्क्युबेटर असं केलं तर जे मोजायचं तेच हुकतं. बाटलीत तळाला आधी एक काळी रेघ येते, मग सगळी बाटली शाईसारखी होते. किती पातळ केलेल्या बाटलीपर्यंत काळेपणा गेला त्यावरून संख्या कळते. प्रमाण पद्धतीत २८ दिवस थांबतात. पुरवठादार म्हणतो आठवड्यात बघू, नका ऐकू. आणि पाण्यात तरंगणारे मोजून भागत नाही, खरी वस्ती पोलादावर चिकटलेल्या बुळबुळीत थरात असते. फ्लोलाइनमध्ये (विहिरीतून तेल पुढे नेणाऱ्या नळीत) पोलादाचं कूपन, म्हणजे चाचणीची छोटी पट्टी, लावा आणि ते खरवडून त्याचीही मोजणी करा.

इथे कोणी विचारेल, सल्फेटचं स्केल असेल तर हेच जीवाणू उपयोगी नाहीत का? सल्फेट त्यांनी खाऊन टाकला तर बेरियम सल्फेट बसणारच नाही. रसायनाच्या कागदावर बरोबर आहे. उत्तर समुद्रात या स्केलने काय केलं हे उद्योगात सगळ्यांना माहीत आहे: मिलर क्षेत्रातल्या एका विहिरीचं उत्पादन दिवसाला ३०,००० बॅरलवरून २४ तासांत शून्यावर आलं. तिथे तेल ढकलायला थरात समुद्राचं पाणी सोडतात, यालाच इंजेक्शन म्हणतात. त्या पाण्यात लिटरमागे साधारण २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतो, थरातल्या पाण्यात बेरियम, आणि दोन्ही एकत्र आले की साध्या अ‍ॅसिडला न जुमानणारा खडा. पण तेवढा सल्फेट जीवाणूंनी पूर्ण तोडला तर लिटरमागे जवळजवळ ९५० मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइड तयार होईल. एवढ्या विषापुढे कोणतंही स्केल परवडलं. बसलेलं बेरियम सल्फेटही हे जीवाणू हळूहळू विरघळवतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. मात्र त्या स्फटिकात अडकलेलं रेडियमही मग पाण्यात सुटतं. त्यामुळे तो विचार मी करत नाही. उत्तर समुद्रात त्याचं उत्तर पटलांनी दिलं: साउथ ब्रे क्षेत्रावर १९८८ पासून इंजेक्शनच्या पाण्यातला सल्फेट नॅनोफिल्ट्रेशनने गाळून काढायला सुरुवात झाली, आणि आज जगभर ती पद्धत आहे.

जीवाणूंचं खरोखर यशस्वी झालेलं काम तिथेच, थोड्या वेगळ्या वाटेने झालं. १९९९ मध्ये नॉर्वेच्या व्हेस्लफ्रिक आणि गुलफाक्स या क्षेत्रांवर इंजेक्शनच्या पाण्यात नायट्रेट घालायला लागले. व्हेस्लफ्रिकवर तर आधी जंतुनाशक वापरत होते, ते थांबवून त्याच्या जागी. बाहेरून एकही जीवाणू सोडला नाही. नायट्रेट वापरणारे जीवाणू तिथे होतेच. त्यांना आवडीचं मिळालं, त्यांनी तेच अन्न खाऊन सल्फेट तोडणाऱ्यांना उपाशी ठेवलं. वाटेत तयार होणारं नायट्राइट सल्फेट तोडणाऱ्यांच्या एका महत्त्वाच्या एन्झाइमलाच अडवतं. त्यांतले काही जीवाणू तर तयार झालेलं सल्फाइडही पुन्हा सल्फेटकडे फिरवतात. सल्फाइड कमी, गंज कमी, काळं स्केल कमी. जीवाणू वापरून स्केल आवरण्याचं उदाहरण कोणी मागितलं तर मी हेच देतो.

त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. सेंद्रिय अन्नावर नायट्रेट पूर्ण संपलं की लिटरमागच्या १०० मिलिग्रॅम नायट्रेटमागे जवळजवळ तितकंच बायकार्बोनेट तयार होतं. शिवाय ते बाजारात सहसा कॅल्शियम नायट्रेट म्हणून मिळतं. काळ्या स्केलसाठी योग्य उपाय, पण पांढऱ्या स्केलच्या काठावर असलेल्या पाण्यात तो कार्बोनेट वाढवू शकतो. अशा ठिकाणी सोडियम नायट्रेट घ्या आणि स्केल-रोधक सोबत चालू ठेवा.

जीवाणू स्केल वाढवू शकतात हे ज्यांना पटत नाही त्यांनी अलाबामातल्या गोर्गस वीजकेंद्राजवळची २०१४ ची चाचणी आठवावी. तिथे युरिया तोडणारे जीवाणू वापरून सुमारे ३४० मीटर खोलीवरची भेग मुद्दाम कॅल्शियम कार्बोनेटने बुजवली. गळक्या विहिरी बंद करायला हे तंत्र फार उपयोगी आहे. पुरवठादाराच्या मिश्रणात पोषण म्हणून युरिया असेल तर मात्र तो तुमच्या विहिरीत जाऊ देऊ नका. पोषणद्रव्यांची यादी वाचताना माझी नजर पहिल्यांदा याच नावावर जाते.

आणखी एक दिशा आहे, तिच्याकडे मी आशेने बघतो. जीवाणूंनी आम्लाऐवजी थेट स्केल-रोधक तयार करायचं. काही बॅसिलस जाती पॉलिग्लुटामिक आम्ल नावाचा लांब, चिकट रेणू बनवतात, आणि तो कॅल्शियमच्या स्फटिकांची वाढ अडवतो. पॉलिअ‍ॅस्पार्टेट हा त्याचा भाऊबंद तर उद्योगात पर्यावरणपूरक रोधक म्हणून वापरातच आहे. नॉर्वेच्या स्टॅटऑइल (आताची इक्विनॉर) या तेलकंपनीने विहिरीच्या पायथ्याशी जनुकबदल केलेले जीवाणू बसवून त्यांच्याकडून असं रोधक बनवून घेण्याच्या कल्पनेवर पेटंट घेतलं होतं. कल्पना सुंदर आहे, कारण रोधक थोडंसंच पुरतं आणि आम्लासारखं खडकात खर्च होत नाही. नित्याच्या वापरात मी ती पाहिलेली नाही. तुमच्या पुरवठादाराने हा दावा केला तर बाटलीतलं रोधक किती आणि विहिरीत तयार होणारं किती, हे वेगवेगळं दाखवायला सांगा.

तापमानाबद्दल. ७० अंश म्हणजे दारं बंद नाहीत, पण अरुंद आहेत. साध्या खोलीच्या तापमानाला वाढवलेले जीवाणू तिथे पोचल्यावर मरतात आणि त्यांची मेलेली शरीरं इतरांचं अन्न होतात. उष्णता सोसणारे, ऑक्सिजनशिवाय जगणारे हवेत. असे जीवाणू आपल्याकडे आहेत: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ९१ ते ९६ अंशांच्या तेलसाठ्यांत काम करतील अशा जीवाणूंवरचं काम २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. ते तेल वाढवण्यासाठी होतं, स्केलसाठी नव्हे, तरी योग्य तापमानाचे जीवाणू देशात उपलब्ध आहेत हे त्यावरून कळतं. म्हणून ‘आमचं मिश्रण सगळीकडे चालतं’ हे वाक्य स्वीकारायचं कारण नाही. तुमच्याच विहिरीचं पाणी, तुमचंच तापमान, ऑक्सिजन नसलेली बाटली, आणि त्यात तुमच्याच स्केलचा वजन केलेला तुकडा. सोबत दोन तुलनेच्या बाटल्या हव्यात: एकीत नुसती मळी, दुसरीत मेलेले जीवाणू आणि मळी. नुसत्या मळीच्या बाटलीतही तेवढाच परिणाम दिसला तर विकत घ्यायचं काही उरत नाही, तुमच्या घरचेच जीवाणू काम करतायत.

हे सगळं जुळलं तर चाचणी अशी करा. तिन्ही विहिरी एकाच वेळी अ‍ॅसिडने स्वच्छ करा. अ‍ॅसिड परत येताना काळं स्केल असेल तर हायड्रोजन सल्फाइड येईल, तेव्हा मोजयंत्र आणि श्वासाची उपकरणं जागेवर हवीतच. नंतर एका विहिरीत फक्त स्केल-रोधक, दुसरीत जीवाणू आणि अन्न, तिसरी जशी होती तशी. विहीर मारायला, म्हणजे कामापुरता तिचा दाब दाबून ठेवायला, वापरलेलं पाणी तिन्हीकडे एकच आणि तपासलेलं असू द्या. बोअरचं पाणी तसंच ओतून स्केल घरी बोलावल्याचे प्रकार मी बघितले आहेत. जीवाणूंच्या विहिरीत जंतुनाशक जाणार नाही याची जबाबदारी एका माणसावर टाका. गंजविभाग त्याच आठवड्यात आपला नेहमीचा डोस देऊन गेला की चाचणी तिथेच संपते, आणि कागदावर मात्र जीवाणू नापास होतात.

पीएच आणि बायकार्बोनेट विहिरीच्या तोंडाशीच मोजा. नमुना प्रयोगशाळेत जाईपर्यंत वायू सुटतो, कार्बोनेट बाटलीतच बसतं आणि अहवालात कॅल्शियम कमी दिसतं. त्याखेरीज कॅल्शियम, लोह, अ‍ॅसेटेट, वायूतलं हायड्रोजन सल्फाइड आणि कूपनवरचा थर, हे दर पंधरवड्याला. वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम टिकून राहिलं म्हणजे ते वाटेत बसलं नाही. अ‍ॅसेटेट वाढलं आणि सल्फाइड स्थिर राहिलं तर वस्ती हवी तशी चालली आहे. अ‍ॅसेटेट दिसेना, लोह घटलं आणि सल्फाइड चढू लागलं, तर अन्न त्याच दिवशी थांबवा, पुरवठादाराने आणखी एक डोस देऊन बघू म्हटलं तरी. आणि थांबवल्यानंतरही त्या विहिरीवरचं सल्फाइडचं मोजमाप पुढचे काही महिने चालू ठेवा, कारण खडकात गेलेलं अन्न लगेच संपत नाही.